मुकुटाखालचा नंबर
तुरुंग खात्याच्या जुन्या बिल्ल्यांच्या संग्रहाविषयी प्रस्तावना

पलटणीचा बिल्ला आणि तुरुंगाचा बिल्ला हे दोन्ही पितळेचेच. बऱ्याचदा बर्मिंगहॅमच्या त्याच कारखान्यांतून निघालेले आणि त्याच राजमुकुटाखाली घडलेले. तरी एकाला घरात मान मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. लष्करात गेलेल्या आजोबांची पदके आणि बिल्ले काचेच्या चौकटीत भिंतीवर लागतात. अहिल्यानगरला तर रणगाड्यांचे अख्खे संग्रहालय १९९४पासून उभे आहे आणि तिथे घोडदळाच्या पलटणींची परंपरा अभिमानाने मांडलेली दिसते. तुरुंगात शिपाई म्हणून तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या टोपीवरचे पितळ मात्र सहसा असे मिरवले जात नाही. त्याच्या नावावर लढाई नाही, विजय नाही, वीरगाथा नाही. आहेत ते कुलपे, गिनती, पहारे, झडत्या, आणि आपल्यासारख्याच माणसांना आत ठेवण्याची नोकरी. अशा वस्तूंचा संग्रह का करावा, आणि करायचाच तर तो कसा रचावा, या दोन प्रश्नांची उत्तरे पुढील पानांकडे वळणाऱ्या वाचकाला आधी द्यायला हवीत. या प्रस्तावनेचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या भागातल्या तुरुंगी बिल्ल्यांचा संग्रह वरच्या मुकुटाभोवती रचला, तर तो देखणा होईल पण चुकीचे सांगेल, खालच्या नंबराभोवती रचला, तर ओबडधोबड दिसेल, पण इथला तुरुंग प्रत्यक्षात कसा चालत होता ते दाखवील.

मुकुटाभोवती संग्रह रचण्याची पद्धत ब्रिटनमधून आली आहे, आणि तिथे ती वावगी नाही. इंग्लंडमधले स्थानिक तुरुंग पूर्वी परगण्यांच्या आणि नगरांच्या ताब्यात असत. गणवेश, बटणे, चिन्हे ही ज्या त्या परगण्याची. १८७७ च्या कायद्याने हे सगळे तुरुंग सरकारने आपल्याकडे घेतले, १ एप्रिल १८७८ पासून त्यांचा कारभार प्रिझन कमिशनकडे गेला, आणि सर एडमंड ड्यू केन या लष्करी अभियंत्याने त्यांना एका साच्यात बसवले. परगण्याच्या चिन्हाची जागा राजमुकुटाने घेतली, हाच तिथल्या तुरुंगांचा खरा इतिहास. पहिल्या महायुद्धानंतर ‘वॉर्डर’ हे पदनाम जाऊन ‘प्रिझन ऑफिसर’ आले. १९६३ मध्ये कमिशनच बरखास्त झाले आणि कारभार गृहखात्याच्या विभागाकडे गेला. हे सगळे टप्पे धातूवर वाचता येतात. शिवाय मुकुटाचा आकारही काळानुसार बदलला. व्हिक्टोरियाच्या काळचा एक, १९०१ नंतरच्या राजांच्या काळात ट्यूडर पद्धतीचा उभ्या कमानींचा दुसरा, आणि दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या सुमारास आलेला, मधोमध दबलेल्या कमानींचा तिसरा. त्यामुळे तिथल्या संग्राहकाने मुकुट पाहून काळ ठरवावा, तुरुंगाचे नाव पाहून जागा ठरवावी आणि ओळीने मांडणी करावी, हे रास्तच आहे. त्याच्या देशात बिल्ला घालणारा माणूस पगारी सरकारी नोकर होता आणि बिल्ला नसलेला माणूस कैदी होता. दोघांमधली रेघ स्वच्छ होती.

हीच पट्टी मुंबई इलाख्याला लावली की घोटाळा सुरू होतो. पहिली अडचण काळाची. १९०१ पासून राजवट संपेपर्यंत इथे एकच घाटाचा मुकुट होता. म्हणजे लोकमान्य मंडालेला गेले तेव्हाचा बिल्ला आणि ‘चले जाव’च्या वेळचा बिल्ला मुकुटावरून वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी राजाची आद्याक्षरे पाहावी लागतात. व्हिक्टोरियाने १८७७ पासून सम्राज्ञी म्हणून आपल्या अक्षरांपुढे ‘आय’ जोडला, सातव्या एडवर्डने आणि दोन्ही जॉर्जांनी तो चालू ठेवला, आणि सहाव्या जॉर्जने हिंदुस्थानचा सम्राट ही पदवी १९४८ च्या जून महिन्यात औपचारिकपणे सोडली. जिथे आद्याक्षरे नाहीत, नुसता मुकुट आणि इंग्रजीत ‘जेल’ एवढेच आहे, तिथे पन्नास वर्षांचा पट्टा मोकळा राहतो. त्यातही १५ ऑगस्ट १९४७ ही रेघ धातूवर तितकी ठळक उमटत नाही. देश स्वतंत्र झाला तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याच्या भाषेत राजा होताच. सारनाथचा सिंहस्तंभ राजमुद्रा म्हणून त्या दिवशी आला. भांडारात पडून असलेला जुना माल संपेपर्यंत वापरण्याची सरकारी सवयही हिशोबात धरली, तर मुकुट दिसला की ‘स्वातंत्र्यपूर्व’ अशी चिठ्ठी चिकटवणे हे घाईचे ठरते. संस्थानांचा प्रश्न आणखी निराळा. कोल्हापूर, सांगली, औंध, बडोदे यांचे तुरुंग आपापल्या दरबाराच्या हुकमतीत होते, आणि ब्रिटिश मुकुटाच्या मालिकेत त्यांना जागाच मिळत नाही.

पण काळाची अडचण ही वरवरची. खरी अडचण रचनेची आहे. १८९४ चा तुरुंग कायदा, म्हणजे त्या वर्षाचा नववा कायदा, उघडून पाहिला तर प्रत्येक तुरुंगासाठी अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी, त्याच्या हाताखालचा वैद्यकीय कर्मचारी, जेलर आणि सरकारला लागतील तसे इतर अधिकारी अशी उतरंड दिसते. जिल्ह्याच्या तुरुंगाचे अधीक्षकपद अनेकदा सिव्हिल सर्जनच सांभाळत, आणि मुंबई इलाख्याच्या तुरुंग खात्याच्या महानिरीक्षकपदी इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लष्करी हुद्द्याचे डॉक्टर बसत. इथवर सगळे विलायती वळणाचे आहे. मात्र त्याच कायद्याचे तेविसावे कलम एका वाक्यात सगळे चित्र पालटून टाकते. ज्या कैद्यांना तुरुंगाचे अधिकारी म्हणून नेमले असेल ते भारतीय दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक मानले जातील, असे ते कलम सांगते. म्हणजे शिक्षा भोगत असलेला माणूस शिक्षेच्या मुदतीतच सरकारचा अंमलदार होऊ शकत होता. चांगल्या वागणुकीचा काही काळ गेला की रात्रीचा पहारेकरी, मग मुकादम, मग वॉर्डर अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीबरोबर शिक्षेत जास्त सूट. आणि वेगळ्या रंगाची टोपी, पट्टा, बिल्ला यांनी झालेली ओळख. इंग्लंडने आपल्या तुरुंगांतून कैद्यांच्या हाती अधिकार देण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मोडीत काढली होती. तीच चाल इथे कायद्यात लिहून ठेवली गेली. कारणही साधे होते : पगारी माणसे कमी लागतात. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या १९१९-२० च्या जेल कमिटीलाही हा प्रश्न टाळता आला नाही, आणि कैद्यांवर कैदी नेमण्याची पद्धत कमी करून पगारी वॉर्डर वाढवण्याच्या दिशेने तिने मत दिले.

हे कलम कागदावर राहिले नव्हते, याची साक्ष मराठी वाचकाला बाहेर शोधायला नको. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मध्ये अंदमानच्या सेल्युलर जेलचा जेलर डेव्हिड बारी जितका लक्षात राहतो, तितकेच लक्षात राहतात ते त्याच्या हाताखालचे जमादार, पेटी ऑफिसर आणि वॉर्डर. ते स्वतः जन्मठेपेचे कैदीच होते. कोलूवर कैद्याला जुंपणारा हात बारीचा नसे, काही वर्षांपूर्वी स्वतः बेडीत आलेल्या माणसाचा असे. त्याच पुस्तकात कैद्याच्या गळ्यातला बिल्लाही आहे. शिक्षा कधी सुरू झाली आणि सुटका कधी, हे त्यावर कोरलेले. सावरकरांच्या बिल्ल्यावर १९१० आणि १९६० अशी पन्नास वर्षांची दोन टोके होती. येरवड्यातली साक्ष अगदी वेगळ्या स्वभावाची आहे, पण निष्कर्ष तोच देते. १९२२ ते १९२४ या पहिल्या येरवडा कारावासाविषयी गांधीजींनी सुटकेनंतर ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहिली. तिच्यात त्यांच्यावर नेमलेल्या कैदी वॉर्डरांची व्यक्तिचित्रेच आहेत. अदान नावाचा सोमाली तरुण त्यांतलाच एक. एका लेखकाला हे लोक छळाचे हत्यार वाटले, दुसऱ्याला त्यांच्यात माया सापडली. दोघांच्याही लिखाणात रोजचा तुरुंग चालवणारा माणूस मात्र तोच आहे : कैदी असलेला अंमलदार.

आता पितळेकडे परत येऊ. एकाच भिंतीच्या आत धातूचे निदान तीन तुकडे वावरत होते. एक कैद्याच्या गळ्यातला किंवा छातीवरचा, ज्यावर नंबर, शिक्षा आणि मुदत. दुसरा कैदी मुकादमाच्या किंवा वॉर्डरच्या पट्ट्यावरचा, जो त्याला खालच्यांपासून वेगळा काढी आणि शिक्षेतली सूट वाढवी. तिसरा पगारी शिपायाच्या टोपीवरचा किंवा खांद्यावरचा, ज्यावर खात्याची अक्षरे आणि त्याचाही नंबरच. या तिघांत अंतर किती होते? पगारी शिपाई आसपासच्याच गावांतला, कोरडवाहू शेती पुरत नाही म्हणून नोकरीला आलेला. कैदी त्याच्याच बोलीत बोलणारा. आणि मधला तर दोन्हीकडचा. चेहरा, भाषा, खाणे, गाव यांतून जे अंतर दिसत नव्हते ते बिल्ल्याने निर्माण करावे लागे. म्हणून इथल्या तुरुंगी बिल्ल्याला सत्तेची शोभा म्हणून पाहणे अपुरे आहे. जिथे मालक परका आणि राबणारे सगळे इथलेच, तिथे कोण कोणाला आत ठेवतो आहे हे ठरवण्याचे काम त्या तुकड्याकडे होते. मुकुट हा त्याचा सामान्य भाग आहे. तो टपाल खात्याच्या आणि पोलिसांच्या पितळावरही आहे. नंबर हा त्याचा विशेष भाग आहे, कारण नंबर एका माणसाला एका नोंदवहीशी बांधतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यापुरते बोलायचे तर हे सगळे घराजवळच आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे विसापूर लोकांना धरणासाठी माहीत असते, पण हंगा नदीवरच्या त्या जलाशयाइतकेच तिथले कारागृहही ब्रिटिश काळातले आहे. १९३० आणि १९३२ च्या कायदेभंगात नेहमीचे तुरुंग भरून गेले, तेव्हा महाराष्ट्रातल्याच नव्हे तर गुजरात आणि कर्नाटकातल्या सत्याग्रहींनीही विसापूरचे दिवस काढले. आज तेच कारागृह खुल्या पद्धतीचे म्हणून चालते आणि तिथले कैदी शेतीवर काम करतात. याच जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरच्या म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात, ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य स्थानबद्ध होते. नेहरूंचा ‘भारताचा शोध’ आणि मौलाना आझादांचा ‘गुबार-ए-खातिर’ तिथले. किल्ल्याचा इतिहास जगभर सांगितला जातो आणि विसापूरचा तालुक्याबाहेर फारसा जात नाही, याचे कारण उघड आहे : किल्ल्यात नामवंत होते, विसापुरात बहुतेक सारे बिननावाचे. मुकुटाभोवतीचा संग्रह हीच निवड पुन्हा करतो. येरवड्याचा अधिकारी, किल्ल्याचा बंदोबस्त, साहेबाची टोपी यांना जागा मिळते. विसापूरच्या शिपायाचा नुसत्या आकड्याचा तुकडा ‘किरकोळ’ म्हणून बाजूला पडतो. नंबराभोवतीचा संग्रह नेमका या किरकोळातून सुरू होतो.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो भक्कम आहे. वरच्या हुद्द्याचा बिल्ला चांगल्या घडणीचा असतो, जपला जातो, विकत मिळतो. खालचा आकड्याचा तुकडा मिळणार कुठून? तो शिपायाच्या मालकीचा नसे. नोकरी संपली की जमा, झिजला की डेडस्टॉक रजिस्टरमधून कमी, आणि मग लिलावात किंवा कासाराकडे मोडीच्या भावाने. कैद्याचा बिल्ला तर सुटकेच्या दिवशी काढून दुसऱ्याच्या गळ्यात जाणार. त्यामुळे नंबराभोवतीचा संग्रह हा बहुतांशी रिकाम्या खणांचा संग्रह ठरेल, असे म्हणणाऱ्याला पटकन उत्तर देता येत नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, काय टिकले आणि काय वितळले हाही पुरावाच आहे, फक्त तो मांडणीत दाखवावा लागतो. रिकामा खण आणि त्याखाली ही वस्तू का उरली नाही याचे कारण, हे एका चकचकीत बिल्ल्याइतकेच सांगू शकतात. दुसरी, काही इतिहासांत बिल्ल्याचा अभाव हाच मुख्य मुद्दा असतो. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीवाचून, पहाऱ्यावाचून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागची प्रेरणा तीच. बिल्ल्याने निर्माण होणाऱ्या अंतरावाचून तुरुंग चालू शकतो का, या प्रश्नाला आपल्याच मुलखात मिळालेले ते उत्तर आहे. केवळ हाती लागणाऱ्या वस्तू ओळीने लावणाऱ्या संग्रहात स्वतंत्रपूर कधीच येणार नाही. प्रश्न धरून रचलेल्या संग्रहात ते टाळताच येणार नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा, म्हणून अधिक तीव्र. दामोदर चापेकरांना १८९८ मध्ये आणि सोलापूरच्या चौघा हुतात्म्यांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी दिले गेले; कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९१० मध्ये ठाण्यात. त्या फाटकांवर उभ्या असलेल्यांच्या टोप्यांवरचे पितळ पैसे मोजून घ्यायचे, घासून चमकवायचे आणि मखमलीवर ठेवायचे, हा गुलामगिरीचा गौरव नव्हे काय? मखमलीबाबत आक्षेप पूर्ण खरा आहे. तुरुंगाचा बिल्ला शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात लावणे, त्याचे कफलिंक किंवा किल्लीची साखळी करणे यांत अभिरुची नाही आणि इतिहासही नाही. पण आक्षेपाची दुसरी बाजू तपासली पाहिजे. आपण तुरुंगाची आठवण कैद्यांच्या ग्रंथांतून जपली आहे, आणि मराठीत ती समृद्ध आहे. आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगातल्या एकशे एक दिवसांपासून विनोबांच्या धुळ्यातल्या गीता प्रवचनांपर्यंत आणि साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’पर्यंत ती पसरली आहे. या साहित्यात तुरुंग हळूहळू तपोभूमी होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र त्या तपोभूमीच्या पलीकडच्या बराकीत राजकीय नसलेले कैदी होते. चोरीचे, दरोड्याचे, दारूचे हे लोक ग्रंथ लिहिणारे नव्हते. त्यांचे तुरुंगातले आयुष्य ज्या थोड्या वस्तूंना चिकटून राहिले त्यांत नंबराचे तुकडे आहेत. ते वितळू दिले, तर उरते फक्त थोरांची आठवण. वस्तू जपणे म्हणजे वस्तूमागच्या राजवटीला मान देणे नव्हे. कशाशेजारी ठेवून ती दाखवतो, यावर मान की जाब हे ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत कसोटीचा आहे आणि तो या प्रस्तावनेच्या मांडणीतूनच निघतो. खालच्या नंबराकडे बोट दाखवले की वरचा साहेब सुटतो. ‘आपलीच माणसे आपल्या माणसांना छळत होती’ हे वाक्य साम्राज्याच्या वकिलाला फार सोयीचे आहे. कैदी वॉर्डरच्या क्रूरपणाचे खापर त्याच्या जातीवर, धर्मावर किंवा स्वभावावर फोडणे हेही मग सोपे जाते, आणि असे घडलेलेही आहे. उत्तर एवढेच की नंबर ही साखळीची शेवटची कडी आहे आणि ती ओढली की वरची कडी हलतेच. कैद्याला लोकसेवक ठरवणारे कलम विसापूरच्या शिपायाने लिहिले नव्हते. पगार वाचवण्यासाठी शिक्षेतल्या सुटीचे आमिष दाखवायचे, त्या आमिषावर पहारा उभा करायचा, हात मळतील ते दुसऱ्याचे आणि अहवालावर सही राहील ती आपली, हे धोरण वरून खाली आलेले होते. एकट्या मुकुटाचा बिल्ला हे धोरण लपवतो, कारण त्यात फक्त दिमाख दिसतो. मुकुट, मुकादमाचा पट्टा आणि कैद्याचा नंबर शेजारी ठेवले की धोरण उघडे पडते. म्हणून नंबराभोवतीच्या संग्रहात मुकुट टाकून द्यायचा नाही. त्याला त्याच्या हुकमाने चाललेल्या कामाशेजारी बसवायचे. हाच न्याय स्त्रियांच्या विभागालाही लावावा. १८९४ चाच कायदा स्त्री-कैद्याची झडती मेट्रननेच घ्यावी असे सांगतो. पण संग्राहकांच्या याद्यांत मेट्रन सहसा नसते, कारण टोपीचा बिल्ला ही कल्पनाच पुरुषाच्या गणवेशावर बेतलेली आहे.

या दृष्टीचा फायदा केवळ वैचारिक नाही. बनावट माल ओळखायलाही ती उपयोगी पडते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुने पितळ म्हणून जे समोर येते त्यातले बरेच नवे असते, आणि नकला मुकुटाच्या होतात, कारण भाव मुकुटाला आहे. काही खुणा धातूच्या आहेत. छापाने उठवलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा पोकळ ठसा दिसतो आणि कडा तीक्ष्ण असतात. ओतीव नकलेची पाठ भरीव, दाणेदार, बारीक भोकांची, आणि अक्षरे साबणासारखी गुळगुळीत. खरी झीज उंचवट्यांवर असते, कारण रोजच्या घासण्याने तेच झिजते. सगळीकडे सारखा काळेपणा दिसला तर तो रसायनाचा समजावा. मागच्या कड्या किंवा पट्टी डाखाने नव्याने जोडलेली आहे का तेही पाहावे. मात्र स्थानिक ओतकामाचे बिल्ले इथे प्रत्यक्ष वापरातही असल्यामुळे ओतीव म्हणजे खोटे असा सरसकट नियम लावता येत नाही. तिथे इतिहास मदतीला येतो. मुंबई इलाख्याचे नाव असलेल्या बिल्ल्यावर १९५३ नंतर रूढ झालेला एलिझाबेथचा मुकुट आढळला, तर धातू न तपासताही तो खोटा. फक्त व्हिक्टोरियाच्या मुकुटाशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. एका माणसाच्या पट्ट्यावर शोभणार नाहीत असे दोन हुद्दे एकत्र असले, किंवा त्या काळी त्या गावी नसलेल्या तुरुंगाचे नाव असले, तर संशय घ्यावा. हे कळण्यासाठी बिल्ल्यांपेक्षा कागद जास्त वाचावे लागतात : तुरुंग खात्याचे वार्षिक अहवाल, जेल मॅन्युअल, जिल्ह्याचे गॅझेटियर, पुराभिलेखागारातल्या गणवेशाच्या मंजुऱ्या. नगर जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८४ चे आहे आणि सुरुवात करायला ते पुरेसे आहे.

कायद्याची बाजूही दोन ओळींत सांगून टाकणे बरे. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला आपल्या मर्जीने परदेशी पाठवता किंवा विकता येत नाही. सिंहमुद्रेच्या वापरावर २००५ च्या कायद्याने बंधने आहेत. लोकसेवकाचा पोशाख किंवा ओळखचिन्ह फसवणुकीच्या हेतूने वापरणे पूर्वी दंडसंहितेच्या १७१ व्या कलमाखाली गुन्हा होता, आज भारतीय न्याय संहितेच्या २०५ व्या कलमाखाली आहे. सध्याच्या कारागृह कर्मचाऱ्यांचे बिल्ले म्हणूनच संग्राहकाने मागू नयेत आणि कोणी दिले तरी घेऊ नयेत. ते खात्याचे आहेत. कायद्याबाहेरचे एक पथ्य त्याहून महत्त्वाचे वाटते. नोंदवहीत नंबराला जोडलेले कैद्याचे नाव सापडले, तर त्याचा गुन्हा आणि गाव मांडणीत जाहीर करण्याआधी थांबावे. नव्वद वर्षांपूर्वीच्या चोरीची शिक्षा त्याच गावात राहणाऱ्या नातवंडांना पुन्हा देण्याचा अधिकार कोणाही संग्राहकाला नाही.

संग्रह म्हणून जे उभे राहील त्याची पारख या सगळ्यावरून एका साध्या कसोटीवर करता येईल. किती तुकडे जमले आणि त्यांत दुर्मिळ किती, हा बाजाराचा हिशोब झाला. वाचकाने विचारावे ते असे : या मांडणीतून एका तुरुंगाचा एक दिवस कळतो का? सकाळी कुलूप कोणी काढले, गिनती कोणी घेतली, कामावर कोणी हाकले, त्यांतला पगारी कोण होता आणि शिक्षेतल्या सुटीचे दिवस मोजणारा कोण, त्या सगळ्यांवर सही कोणाची होती, हे त्यातून सांगता आले तर दहा तुकड्यांचा संग्रहही मोठा. सांगता आले नाही, तर मुकुटांची शंभर ताटे मांडूनही तो भांड्यांचाच व्यापार. विसापूर हे अशा मांडणीसाठी येरवड्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक योग्य ठिकाण आहे. ब्रिटिश काळातला बंदिस्त तुरुंग, कायदेभंगातली गर्दी आणि आजचे खुले कारागृह असे तीन काळ तिथे एकाच आवारात आहेत, आणि नामवंतांच्या छायेने ते झाकलेले नाहीत. तालुक्यातल्या एखाद्या शाळेने, वाचनालयाने किंवा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाने हे काम हाती घेतले, तर सुरुवात खरेदीने करू नये. आधी तिथे नोकरी केलेल्यांच्या आणि तिथे शिक्षा भोगलेल्या सत्याग्रहींच्या घरी जे कागद, पट्टे, ओळखपत्रे उरली असतील त्यांची मालकी न मागता नोंद आणि छायाचित्रे करावीत. वस्तू त्यांच्याच घरी राहिल्या तरी संग्रह पूर्ण होऊ शकतो. नोंदीवाचून मात्र लोखंडी कपाटात कोंडलेला बिल्ला निव्वळ पितळ आहे.